नेब लावणं सोपं असतं म्हणे

वॉर्डात रुजू झाले तेव्हा इंजेक्शन देताना माझा हात थरथरायचा, नेब (औषधाचं धुकं करून श्वासातून देणारं नेब्युलायझर) लावताना नाही. त्यात अवघड ते काय? रेस्प्यूलचं (औषधाच्या छोट्या प्लास्टिकच्या कुपीचं) टोक मोडायचं, औषध कपात ओतायचं, मास्क चढवायचा, बटण दाबायचं. दहा मिनिटांनी मास्क काढून चार्टवर सही.

पहिल्याच आठवड्यात सीओपीडीचे, म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचे, एक आजोबा आले. धाप इतकी की ‘पाणी’ म्हणून थांबायचे, मग ‘दे’, मग ‘पोरी’. साल्ब्युटामॉल २.५ मिलिग्रॅम आणि इप्राट्रोपियम ५०० मायक्रोग्रॅम, ही श्वासनळ्या मोकळ्या करणारी दोन औषधं एकत्र द्यायची होती. मी मास्क लावला, नळी भिंतीवरच्या ऑक्सिजनला जोडली आणि दुसऱ्या बेडकडे वळले. परत आले तर आजोबा उशीवरून घसरून आडवे झालेले, कप कलंडलेला, धुकं मास्कच्या वरच्या फटीतून थेट डोळ्यांत चाललेलं. ते डोळे चोळत होते. निम्मं औषध कपात तसंच आणि दम जिथल्या तिथे.

सिनिअर सिस्टरांनी ते लांबूनच पाहिलं. “अगं, धूर निघतोय एवढंच बघितलंस. जातोय कुठे ते कोण बघणार?”

त्यांनी आजोबांना ताठ बसवलं, पुढ्यात टेबल सरकवून त्यावर हात टेकवायला लावले. कप सरळ झाल्याबरोबर फवारा पुन्हा जोरात सुरू झाला. कप कलंडला की औषध हवेच्या झोतापर्यंत नीट पोचत नाही. मास्क काढून तोंडात धरायचा माउथपीस दिला. इप्राट्रोपियम डोळ्यांत गेलं तर बाहुली मोठी होते, अंधुक दिसतं, आणि काचबिंदू असेल तर डोळ्यातला दाब एकदम वाढू शकतो. हे मी पाठ केलेलं होतं, पण डोळे चोळणारा माणूस समोर असताना आठवलं नाही.

माझी दुसरी चूक याहून मोठी होती. आदल्या दिवशी दम्याच्या एका मुलाला ऑक्सिजनवर नेब दिलं होतं, तसंच इथेही केलं. सीओपीडीच्या काही पेशंटना जास्त ऑक्सिजन मिळाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि माणूस गुंगीत जातो. सिस्टरांनी नळी काढून कॉम्प्रेसरला, म्हणजे साधी हवा सोडणाऱ्या मशीनला लावली आणि नाकातून अगदी थोडा ऑक्सिजन ठेवला. ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ टक्के हवं होतं. मी मघाशी ९७ बघून खूश झाले होते!

आणखी एक खोड मोडली. रेस्प्यूल नुसतं २.५ मिलिलिटरचं असलं की वर सलाईन घालून ४ मिलिलिटरपर्यंत न्यायचं, कारण थोडं औषध कपाच्या तळाशी उरतंच. साधं पाणी मात्र नाही. त्याने श्वासनळ्या उलट आवळू शकतात. हवेचा झोत मिनिटाला ६ ते ८ लिटर लागतो. कमी पडला तर थेंब मोठे होतात आणि घशातच चिकटतात. छातीत खोल जायला ते १ ते ५ मायक्रॉनचे हवेत. पेशंट याला ‘वाफ’ म्हणतात, पण ही वाफ गार असते. कित्येक जण ‘गरम का लागत नाही, मशीन बिघडलंय का’ विचारतात.

लहान मुलांचं तंत्र वेगळंच. रडतं म्हणून आई मास्क लांब धरते आणि औषध हवेत उडून जातं. घट्ट धरला तरी रडणाऱ्या बाळाच्या छातीत कमीच पोचतं. आधी मांडीवर घेऊन शांत करण्यात गेलेली पाच मिनिटं फुकट जात नाहीत. ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड दिलं की नंतर चूळ आणि तोंड धुणं.

एका रात्री दम्याच्या एका तरुणाची छाती शिट्टीसारखी वाजत होती. नेब चालू असतानाच शिट्टी थांबली. मला वाटलं, लागू पडलं. सिस्टरांनी स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला. आत काहीच ऐकू येईना. घरघर नाही, आणि हवा जातानाचा आवाजही नाही. हवाच जेमतेम जात होती, म्हणून शिट्टी थांबली होती. बरगड्यांमधली जागा आत ओढली जात होती, मान पेंगुळत होती. डॉक्टर धावत आले, त्याला आयसीयूत हलवलं. तो वाचला. माझे पाय मात्र त्यानंतर बराच वेळ लटपटत होते.

तेव्हापासून नेबच्या आधी आणि नंतर मी नाडी, श्वासाची गती, ऑक्सिजन बघते, छाती ऐकते आणि पेशंटला बोलायला लावते. एका दमात किती शब्द येतात ते मोजते. साल्ब्युटामॉलने नाडी पळते, हात कापतात. ते आधीच सांगितलं की माणूस घाबरत नाही.

आजोबांना घरी सोडताना मशीनची माहिती द्यायची होती. कप आणि माउथपीस दर वेळी धुऊन उघड्यावर वाळवा, नळी धुऊ नका, तिच्यात पाणी राहतं, असं मी सांगत होते. अर्ध्यात मला अडवून ते म्हणाले, “हे सगळं मला तोंडपाठ झालंय पोरी, पहिल्या दिवशी तूच माझ्या डोळ्यांत औषध घातलं होतंस ते आधी सांग.”

सतरा शब्द. एका दमात.