पाठीवरच्या सात रेषा

अकराच्या सुमारास मृतदेह शवागारात आला. साठी ओलांडलेला शेतकरी. सोबतच्या कागदावर मजकूर सरळ होता: पहाटे नांगरटीला गेले, बांधावर ट्रॅक्टर उलटला, सातच्या सुमारास खाली पालथे दबलेले सापडले. ट्रॅक्टर उलटून माणसं खरोखरच मरतात, शेतातल्या मृत्यूंचं ते जगभरातलं एक मोठं कारण आहे. त्यामुळे कुणालाच काही खटकलं नव्हतं. मलाही नाही.

आम्ही त्यांना कुशीवर वळवलं आणि मी थांबलो.

माणूस गेला की रक्त फिरायचं थांबतं आणि अंगाचा जो भाग खाली असेल तिकडे उतरतं. अर्ध्या-एक तासात तिथे जांभळट डाग दिसू लागतात. आम्ही त्यांना लिव्हिडिटी म्हणतो. सहा ते बारा तासांत हे डाग पक्के होतात, मग देह उलथा केला तरी जागा सोडत नाहीत. हे गृहस्थ पालथे सापडले होते आणि डाग सगळे पाठीवर होते. अंगठ्याने दाबून पाहिलं, रंग हलला नाही. म्हणजे आदल्या रात्री ते बराच वेळ उताणे होते, आणि तेव्हा जिवंत नव्हते.

छातीच्या फासळ्या मोडल्या होत्या, पण मोडलेल्या टोकांभोवती रक्त जवळजवळ नव्हतंच. हृदय चालू असतं तर तिथे रक्त साकळलं असतं. ट्रॅक्टर मेलेल्या माणसावर पडला होता. डोक्याच्या मागच्या बाजूला मात्र कातडीखाली तळहाताएवढी काळी गाठ, आणि कवटीत आत दबलेला चौकोनी खळगा. कुदळीच्या तुंब्याएवढा, म्हणजे तिच्या जाड, बोथट भागाएवढा.

जांभळ्या पाठीवर आडव्या पांढऱ्या रेषा होत्या. खांद्यापासून कमरेपर्यंत सात, कमरेच्या खोलगट जागी पुसट झालेल्या. जिथे अंग कशावर तरी दाबलं जातं तिथे रक्त उतरत नाही आणि कातडी पांढरी राहते. खाटेची पट्टी म्हणावी तर रेषा फार लांब-लांब होत्या. फळ्या म्हणाव्यात तर फार अरुंद. मी फूटपट्टी लावून फोटो घेतले. दोन रेषांमधलं अंतर साडेसात सेंटिमीटर, प्रत्येक ठिकाणी जवळपास तेवढंच.

शवविच्छेदनाला हजर असलेला हवालदार स्वतः शेतकरी कुटुंबात वाढलेला होता. सकाळपासून तो गप्प उभा होता. फूटपट्टी बघून पुढे आला आणि म्हणाला, "साहेब, ही पंचाहत्तरची पायपं आहेत. तुषार सिंचनाची. एकाला एक लावून रचली की असंच अंतर येतं."

पंचाहत्तर मिलिमीटर. मी ते आकडे तासभर बघत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

विद्यार्थ्यांना मी नेहमी सोंग त्स या चिनी न्यायाधिकाऱ्याने 1247 मध्ये लिहून ठेवलेली हकीकत सांगतो. विळ्याने झालेला खून होता. चौकशी करणाऱ्याने आसपासच्या लोकांना आपापले विळे आणून जमिनीवर ठेवायला लावले. दिवस उन्हाचा होता. धुतलेल्या, पण रक्ताचा अंश राहिलेल्या एकाच विळ्यावर माश्या बसल्या. त्या दिवशी ही गोष्ट मला वेगळी कळली. त्या अधिकाऱ्याला विळे ठाऊक होते, शेतातली माणसं ठाऊक होती, म्हणून त्याला तो मार्ग सुचला. आमच्याकडे ते ज्ञान हवालदाराकडे होतं, आणि त्याला मत विचारायची पद्धत नव्हती.

पुढचं पोलिसांनी केलं. मयताच्या शेतात त्रेसष्टची पायपं होती, आसपासच्या बहुतेकांकडे तीच. पंचाहत्तरची थप्पी बांधापलीकडच्या एका शेडमध्ये सापडली. शेड सख्ख्या भावाची. दोघांमध्ये बांध कोरण्यावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं, आणि हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या सकाळी पंचनाम्याला उभ्या असलेल्या एकानेही ते तोंडातून काढलं नव्हतं. मला आजही त्याचा राग येतो.

अहवालातलं एक वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कवटीच्या आत मोठी गुठळी होती आणि मेंदू सुजला होता, त्याच्या वळ्या दाबून सपाट झाल्या होत्या. तेवढं व्हायला वेळ लागतो. घाव बसल्यावर ते लगेच गेले नव्हते. त्या पायपांजवळ निदान तास-दोन तास त्यांचा श्वास चालू असणार. दवाखान्यात आणलं असतं तर वाचले असते का, हे मी सांगू शकत नाही. आणलं नाही, एवढं नक्की.

काही आठवड्यांनी त्यांची बायको भेटायला आली. बाकावर बसली, पदर सारखा केला आणि विचारलं, "डॉक्टर, ते लगेच गेले ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण तोच अहवाल उद्या कोर्टात तिच्यासमोर वाचला जाणार होता. मी सांगितलं की श्वास काही वेळ चालू होता, पण शुद्ध बहुधा नसावी.

ती बराच वेळ जमिनीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी मागितलं असेल त्यांनी."