बार्टन क्रीकला जायचं तर आधी गाडी बघा

मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये सान इग्नासिओ शहरात उतरलात की टूरवाले 'मेनोनाइट गाव दाखवतो' म्हणून मागे लागतात. मेनोनाइट म्हणजे एक ख्रिस्ती पंथ, त्यातले काही आजही यंत्रांशिवाय राहतात. पहिला प्रश्न विचारा, कुठलं गाव? यंत्रांशिवाय राहणाऱ्यांचं गाव म्हणजे बार्टन क्रीक. जाहिरातीत घोडागाडी होती, प्रत्यक्षात आम्हाला नेलं स्पॅनिश लुकआऊटला. तिथे डांबरी रस्ते, पिकअप, ट्रॅक्टर, कोंबड्यांच्या लांबलचक शेड. गाव मेनोनाइटांचंच आणि कष्टाळू लोकांचं, तिथलं आइस्क्रीमही उत्तम. पण घोडागाडीच्या नावाखाली इथे आणणं ही शुद्ध फसवणूक आहे.

वर पैशांचा घोळ. बेलीझचे 2 डॉलर म्हणजे अमेरिकेचा 1, हा दर कायमचा बांधलेला आहे आणि अमेरिकन नोटाही सर्रास चालतात. टूरवाला भाव सांगताना नुसतं 'डॉलर' म्हणाला होता. परत आल्यावर ते अमेरिकन निघाले, म्हणजे सरळ दुप्पट. भाव ठरवताना 'बेलीझ डॉलर' असं त्याच्या तोंडून वदवून घ्या आणि कागदावर लिहून घ्या. याला पर्याय नाही.

मेनोनाइट इथे 1958 मध्ये मेक्सिकोतून आले. सैन्यात भरती नाही, शाळा आपल्या आपण चालवायच्या, असा करार त्यांनी सरकारशी आधीच केला होता. पुढे यंत्रं घ्यावीत की नाही यावरून वाटा फुटल्या. स्पॅनिश लुकआऊटने ट्रॅक्टर घेतला. बार्टन क्रीकला आजही ट्रॅक्टर नाही, वीज नाही, फोन नाही. बघायचं असेल तर हेच बघा, आणि टूर न घेता स्वतः जा.

आता रस्ता. जॉर्जव्हिलला हायवे सोडून दक्षिणेला वळायचं, माउंटन पाइन रिजच्या रस्त्याने काही मैल, मग डावीकडे. तिथून पुढे रस्ता म्हणायचं फक्त नावाला. धोंडे, खड्डे, पाऊस झाला असेल तर चाक धरून ठेवणारा चिखल आणि मध्येच ओढ्याच्या पात्रातून गाडी घालायची. गाडी भाड्याने देणारा छातीठोकपणे म्हणाला होता, 'कुठलीही गाडी जाते.' नाही जात! आमची छोटी गाडी खालून दोनदा घासली, आणि ओढ्यापाशी पाणी दाराच्या कडेला टेकलेलं बघून मागे घ्यावी लागली. उंच फोर बाय फोर घेऊन पुन्हा गेलो तेव्हा पोचलो. जून ते नोव्हेंबर पावसाचे दिवस. आदल्या रात्री धो धो पडला असेल तर जाऊच नका. पाण्याने झालेलं नुकसान विम्यात धरलंय का, हे सही करण्याआधी वाचा.

पोचल्यावर मात्र सगळा शीण गेला. एका ठिकाणी घोड्यांवर चालणारी लाकूड कापायची गिरणी होती. घाण्याच्या बैलासारखे घोडे गोल फिरत होते, त्या फेऱ्यांवर दात्यांचं मोठं चाक, चाकावरून पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला करवत. इंजिनाचा आवाज नाही, नुसती करवत आणि टापा. दाढीवाला मालक लाकूड सरकवता सरकवता आमच्याशी इंग्रजीत बोलला. मुलं आपसात जर्मनची बोली बोलत होती. मी तिथून हलायलाच तयार नव्हतो.

माणसांचे फोटो काढू नका. त्यांच्या धर्मसमजुतीत ते बसत नाही, आणि लांबून चोरून काढलेले तर मुळीच नकोत. गिरणीचा काढायचा असला तरी आधी विचारा. गुडघे-खांदे झाकणारे कपडे घाला. बघे म्हणून रेंगाळण्यापेक्षा काहीतरी विकत घ्या, कलिंगड, शेंगा, जे असेल ते. सुटे पैसे बेलीझचेच ठेवा, कार्ड विसरा.

बार्टन क्रीकच्या गुहेतली होडीची सफर छान आहे, जमली तर करा.

रविवारी जाऊ नका, त्यांचा प्रार्थनेचा दिवस, सगळे व्यवहार बंद. चांगली गाडी मिळालीच नाही, तर शनिवारी सकाळी लवकर सान इग्नासिओच्या बाजारात जा. मेनोनाइट शेतकरी तिथे भाजी घेऊन बसतात, भाव वाजवी सांगतात आणि तेही बेलीझच्या डॉलरात.