आलो त्याच वाटेने परत

बेरीज आणि वजाबाकी या परस्परांच्या उलट क्रिया आहेत, असे सांगितले की तिसरी-चौथीची मुले लगेच माना डोलावतात. हे वाक्य त्यांना पाठ होते खरे, पण उदाहरण सोडवताना ते कामी येतेच असे नाही, हे माझ्या ध्यानात यायला बराच काळ गेला.

एकदा मी फळ्यावर 12 − □ = 5 असे लिहून चौकटीतली संख्या विचारली. एका मुलीने क्षणाचाही विलंब न लावता 17 लिहिले. कारण विचारल्यावर ती म्हणाली, "वजाचे चिन्ह दिसले की उलट क्रिया करायची, म्हणजे बेरीज." चूक तिची नव्हती, नियम मीच तसा सांगितला होता. □ − 7 = 5 असते, तर त्याच नियमाने 12 हे बरोबर उत्तर आले असते; पण जी संख्या वजा करायची तीच अज्ञात असेल, तर ती शोधायला 12 मधून 5 वजाच करावे लागतात. 24 ÷ □ = 6 पाहून बेधडक 144 लिहिणारी मुलेही याच वाटेने जातात.

तेव्हापासून मी चिन्हांआधी मणी हाती देते. 7 लाल आणि 5 पांढरे मणी ओवायचे, एक रंग मुठीत झाकायचा आणि झाकलेले किती ते उरलेल्यांवरून सांगायचे. पूर्ण कोणते आणि भाग कोणते, हे मुलांना स्वतः बोलता आले की 7 + 5, 5 + 7, 12 − 7 आणि 12 − 5 ही चारही मांडण्या एकाच माळेच्या आहेत, हे वेगळे सांगावे लागत नाही. गुणाकारासाठी ठिपक्यांच्या ओळी पुरतात.

ताळ्याचे मात्र आपण वाटोळे केले आहे. उत्तर आल्यावर गुणांसाठी लिहायची एक जास्तीची ओळ, एवढेच त्याचे स्थान उरले आहे. 23 ला 5 ने भागून भागाकार 4 आणि बाकी 3 आली, तर 4 × 5 + 3 करून 23 वर परत पोहोचता येते. यातला 'परत पोहोचणे' हा भाग मुलांना आवडतो, पण आपण तो क्वचितच दाखवतो.

दोन क्रिया आल्या की क्रमाचा प्रश्न येतो. मनातल्या संख्येला 3 ने गुणून 4 मिळवल्यावर 19 आले, तर काही मुले आधी 19 ला 3 ने भागतात आणि बाकी उरल्यावर गोंधळतात. घालताना आधी मोजे, पण काढताना आधी बूट, हा दाखला सगळेच देतात, मीही दिला. त्यापेक्षा 5, 15, 19 असे बाण काढून बोट उलट फिरवायला लावणे अधिक उपयोगी पडले. आर्यभटाने इ. स. 499 मध्ये रचलेल्या ग्रंथात ही रीत एका श्लोकात बसवली आहे: उलट जाताना गुणक भाजक होतात, भाजक गुणक होतात आणि मिळवलेले वजा होते.

बाणांच्याच तासाला एका मुलाने विचारले, "शून्याने गुणले तर परत कसे यायचे?" मी फळ्यावर 5, 8 आणि 100 यांच्यापासून तीन बाण काढले आणि तिन्ही एकाच शून्यावर आणून सोडले. तो फळ्यापाशी आला, शून्यावर बोट ठेवून थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "इथून कुणाच्या घरी जायचे, तेच कळत नाही."