डॅन्यूबच्या पुरात पासाऊ ते बुडापेस्ट: क्रूझ कुठे अडते आणि तेव्हा काय करायचं

पासाऊ ते बुडापेस्ट हा युरोपातल्या नदी-क्रूझचा सगळ्यात खपणारा टप्पा. नदीच्या मापाने साधारण 580 किलोमीटर, वाटेत अकरा लॉक (धरणांपाशी जहाज वर-खाली करणारे दरवाजेबंद जलकप्पे), चार देश. पत्रकात तो सरळ रेघेसारखा दिसतो: पासाऊ, लिंझ, मेल्क, वाखाउ खोरं, व्हिएन्ना, ब्रातिस्लावा, बुडापेस्ट. पाणी चढलं की याच रेघेचे तुकडे होतात. कधी जहाज एका धक्क्याला बांधून हॉटेल बनतं, कधी अर्धा प्रवास बसने होतो. 2024 मध्ये हे दोनदा झालं, तेही दोन वेगळ्या जागी.

जूनच्या सुरुवातीला दक्षिण जर्मनीत मुसळधार पाऊस झाला, रेगेन्सबुर्ग आणि पासाऊ पाण्यात गेले, पासाऊला पाणी दहा मीटरच्या आसपास पोचलं. सप्टेंबरमध्ये ‘बोरिस’ वादळ आलं तेव्हा पासाऊ तुलनेने निभावलं. पाणी आलं ते खालून, म्हणजे लोअर ऑस्ट्रियातल्या ट्राइझन, काम्प अशा उपनद्यांमधून. त्यामुळे ‘पासाऊला सगळं ठीक आहे’ या बातमीवर विसंबणाऱ्यांची जहाजं पुढे ऑस्ट्रियात अडकली. या नदीवर आपल्या डोक्यावर पाऊस आहे की नाही याने काही ठरत नाही. कोणत्या उपनदीचं पाणी कुठे मिळतंय आणि जहाज त्याच्या वर आहे की खाली, यावर सगळं ठरतं.

या मोठ्या पुरांमागे बहुतेकदा एकच तऱ्हा असते. भूमध्य समुद्रावरून बाष्प घेतलेला कमी दाबाचा पट्टा आल्प्सच्या पूर्वेकडून वळसा घालून उत्तरेला जातो आणि तिथेच रेंगाळतो. हवामानखात्यांच्या भाषेत ही ‘पाच-ब’ वाट. ऑगस्ट 2002, जून 2013 आणि सप्टेंबर 2024 हे तिन्ही पूर याच वाटेने आले. मे-जूनमध्ये त्यात आल्प्सच्या वितळत्या बर्फाची भर पडते, आणि ते पाणी इन नदी पासाऊला आणून ओतते.

पातळीचे आकडे कसे वाचायचे

कोल्हापूरकरांना राजाराम बंधाऱ्याची 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका पातळी तोंडपाठ असते. डॅन्यूबवरही प्रत्येक मापनकेंद्राचे असेच ठरलेले आकडे आहेत. जहाजांसाठी महत्त्वाचा आकडा म्हणजे ‘एच एस डब्ल्यू’, नौकानयनाला परवानगी असलेली कमाल पातळी. पासाऊच्या डॅन्यूब केंद्रावर ती 7.80 मीटर आहे. त्यावर पाणी गेलं की वाहतूक बंद. हा निर्णय कंपनीचा नसतो, कॅप्टनचाही नसतो, त्यामुळे रिसेप्शनवर हुज्जत घालून उपयोग नाही. याच केंद्रावर 8.50 मीटर ही पूर-इशाऱ्याची सर्वात वरची पायरी आहे. 3 जून 2013 रोजी पाणी 12.89 मीटरला टेकलं होतं, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीनंतरचं सर्वाधिक. जुन्या पुरांच्या खुणा नगरभवनाच्या भिंतीवर कोरलेल्या आहेत, त्या जरूर बघा.

हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. ती एका ठरावीक शून्यापासूनची उंची असते आणि प्रत्येक गावाचं शून्य वेगळं असतं. म्हणून पासाऊचे 7.80 आणि बुडापेस्टचे 7.80 यांची तुलना करत बसू नका. प्रत्येक केंद्राचा आकडा त्याच केंद्राच्या मर्यादेशी ताडायचा.

ही मर्यादा ठरवताना गृहीत असं धरलेलं असतं की एवढा प्रवाह वर्षातल्या सरासरी एक टक्का दिवसांतच, म्हणजे तीन-चार दिवसच ओलांडला जाईल. ऐकायला बरं वाटतं. पण हे दिवस वर्षभर विखरून येत नाहीत. तीन वर्षं काही नाही आणि चौथ्या वर्षी सलग आठवडा, असं होतं.

पाहायच्या वेबसाइट: जर्मन भागासाठी ‘एलविस’ आणि बव्हेरियाची पूरसूचना सेवा, ऑस्ट्रियासाठी ‘डोरिस’, हंगेरीसाठी ‘हायड्रोइन्फो’. ऑस्ट्रियात लिंझ, वाखाउसाठी कीनश्टॉक आणि व्हिएन्नाच्या पूर्वेसाठी विल्डुंग्समाउअर ही केंद्रं बघा. निघण्याच्या पाच दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ पाहिलं तर कंपनीचा ईमेल येण्याआधीच तुम्हाला चित्र कळलेलं असतं. पाणी किती आहे यापेक्षा तासाला किती चढतंय, हे जास्त बोलकं.

जहाज नेमकं का थांबतं

पहिलं कारण पूल. या नदीवरची जहाजं साधारण 110 किंवा 135 मीटर लांब आणि साडेअकरा मीटर रुंद असतात. डेकवरचे कठडे आडवे केले, छत्र्या काढल्या, सुकाणूची केबिन खाली घेतली तरी पाण्यावर सहा मीटरच्या आसपास उंची उरतेच. पुलाखालची मोकळी जागा एच एस डब्ल्यूच्या हिशेबात नोंदलेली असते. एखाद्या पुलाखाली त्या पातळीला सहा मीटर असतील आणि पाणी एक मीटर खाली असेल, तर सात मीटर मिळतात. पाणी सेंटीमीटरने चढलं की तीही सेंटीमीटरने घटते. कॅप्टन बॅलास्ट टाक्यांत पाणी भरून जहाज थोडं खाली बसवतात, पण त्याला मर्यादा आहे. म्हणूनच बंदीची पातळी गाठायच्या आधीही एखादं जहाज थांबतं आणि शेजारचं, जरा बुटकं, निघून जातं. प्रवाशांना हा पक्षपात वाटतो.

दुसरं कारण प्रवाहाची ओढ. पुरात वाहत येणारे ओंडके, पुलाच्या खांबांभोवतीचे भोवरे, आणि प्रवाहाबरोबर जाताना थांबायला लागणारं लांबच लांब अंतर. बुडापेस्टच्या मार्गारेट पुलाजवळ 29 मे 2019 च्या रात्री मोठ्या क्रूझ जहाजाची धडक बसून ‘हाबलेआन्य’ ही छोटी पर्यटक बोट बुडाली, तेव्हाही नदी चढलेली होती आणि त्या ओढीमुळे शोधकार्य दिवसेंदिवस रखडलं. तिसरं कारण धक्के: पाणी घाटावर आलं की जहाज उभं राहू शकतं, पण माणूस किनाऱ्यावर जाऊ शकत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये व्हिएन्नात एका जहाजातले शंभरेक प्रवासी असेच आत अडकून पडले होते.

टप्प्याटप्प्याने

पासाऊच्या वर, श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे सत्तर किलोमीटरचा भाग धरणांशिवाय मोकळा वाहतो. पाणी जास्त झालं तरी अडचण, कमी झालं तरी अडचण. क्रूझ न्युर्नबर्ग किंवा रेगेन्सबुर्गहून सुरू होत असेल तर अडथळ्याची शक्यता इथेच सर्वाधिक. पर्याय असेल तर पासाऊहून सुरू होणारी घ्या. किंमत थोडी चढी असली तरी.

पासाऊत पाणी चढलं की जुन्या शहराच्या टोकाचा रस्ता आधी बुडतो. जहाज मग खालच्या बाजूच्या लिंडाउ धक्क्याला किंवा ऑस्ट्रियातल्या एंगेलहार्ट्सत्सेलला लागतं आणि बसने नेलं जातं. स्वतंत्रपणे पोचत असाल तर रेल्वे स्टेशनवरून टॅक्सी करण्याआधी कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर धक्क्याचं नाव विचारून घ्या.

लिंझला फार त्रास नसतो.  अडकायचंच असेल तर लिंझला अडकावं: साल्झबुर्ग ट्रेनने सव्वा तासाच्या आत.

वाखाउ हा खरा तोट्याचा भाग. मेल्क ते क्रेम्स हे सुमारे 35 किलोमीटर म्हणजे या क्रूझचा जीव. इथे नदी पुन्हा मोकळी वाहते आणि द्राक्षमळे जहाजातूनच बघायचे असतात. मेल्कच्या वरच्या बाजूचं ग्राइन आणि इथलं क्रेम्स, दोन्हीकडे ॲल्युमिनियमच्या उचलून बसवायच्या पूरभिंती उभारल्या की नदीकाठाकडे जाणारे रस्ते बंद होतात. मेल्कचा मठ मात्र कड्यावर आहे, खालचं गाव पाण्यात असलं तरी तो सहसा पाहता येतो, म्हणून बदललेल्या कार्यक्रमात तो बसने ठेवलेला असतोच. ड्युर्नश्टाइन वगळलं गेलं असेल तर आग्रह धरून विचारा. रस्ता खुला असेल तर क्रेम्सहून ते दहा किलोमीटरच्या आत आहे.

व्हिएन्नाला पुराचं भय सगळ्यात कमी. 1972 ते 1988 दरम्यान खोदलेला 21 किलोमीटरचा ‘नोये डोनाउ’ हा पूरकालवा सेकंदाला 14,000 घनमीटर प्रवाहासाठी आखलेल्या व्यवस्थेचा भाग आहे. शहर कोरडं राहतं, बुडतो तो राइश्सब्र्युके पुलाजवळचा धक्का. तिथून यू-1 मेट्रो चालत दहा मिनिटांवर आहे. जहाज तीन दिवस इथे अडकलं तर कंटाळण्याचं कारण नाही, फक्त संग्रहालयांची तिकिटं ऑनलाइन लगेच घ्या, कारण बाकीची अडकलेली जहाजंही तोच विचार करत असतात.

ट्रेनवर डोळे झाकून भरवसा नको. सप्टेंबर 2024 मध्ये सेंट प्योल्टन आणि व्हिएन्ना यांच्यामधली नवी रेल्वेमार्गिका पाण्याखाली गेली आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत बंद राहिली.

ब्रातिस्लावाचा धक्का जुन्या शहरापासून पाच मिनिटांवर. पूरभिंती उभ्या राहिल्या तर थांबा वगळला जातो. व्हिएन्नाहून ट्रेनने तासाभरात पोचता येतं.

बुडापेस्टला पाणी चढलं की खालचे घाटरस्ते बुडतात आणि पेस्टच्या काठाने धावणारी दोन क्रमांकाची ट्राम संसदेजवळ खंडित होते. विक्रम जून 2013 चा, 8.91 मीटर. 21 सप्टेंबर 2024 ला 8.30 च्या आसपास. असा पूर असेल तर रात्रीच्या दिव्यांतला तो प्रसिद्ध प्रवेश विसरा. जहाज कोमारोम किंवा ब्रातिस्लावाला थांबतं आणि पुढे बस, ब्रातिस्लावाहून सुमारे 200 किलोमीटर.

दिशा निवडताना

2013 चा पूर पासाऊला 3 जूनला, ब्रातिस्लावाला 6 तारखेला आणि बुडापेस्टला 9-10 तारखेला शिगेला पोचला. म्हणजे लाट क्रूझच्याच चालीने खाली सरकते. पासाऊहून निघणारं जहाज दोन-तीन दिवस थांबून लाटेच्या मागून गेलं तर प्रत्येक ठिकाणी उतरतं पाणी मिळतं. बुडापेस्टहून वर येणारं जहाज लाटेला समोरून भिडतं: सुरुवात झकास, व्हिएन्नाच्या आसपास ठप्प. पूर दिसत असताना तारीख बदलता येत नसेल पण दिशा निवडता येत असेल, तर प्रवाहाबरोबरची घ्या. उतरल्यावरही घाटांवरचा गाळ काढणं आणि लॉकपाशी साचलेली रांग यांत एखाद-दोन दिवस जातात, ते धरून चला.

जहाज बदलण्याचा दिवस

मोठ्या कंपन्यांची सारखी जहाजं अडथळ्याच्या दोन्ही बाजूंना असतात, मग दोन्हीकडचे प्रवासी बसने अदलाबदल करतात. केबिन क्रमांक बहुधा तोच मिळतो. आदल्या रात्री सूचना येते, सकाळी बॅगा दाराबाहेर. तिजोरी आणि फ्रीज तपासा, इन्सुलिन तिथेच राहण्याची शक्यता फार. पासपोर्ट रिसेप्शनने ठेवून घेतले असतील तर ते हातात आल्याशिवाय बसमध्ये बसू नका. दोन दिवसांची औषधं, चार्जर, एक कपड्यांचा जोड पाठपिशवीत. साडेचार तास चालवल्यावर ड्रायव्हरला 45 मिनिटं थांबावंच लागतं, कायदा आहे, तेव्हा वेळेचा हिशेब त्यासकट करा. बसमधलं जेवण म्हणजे डबाबंद सँडविच. शाकाहारी किंवा जैन डब्याचं आदल्या रात्रीच लिहून द्या, सकाळी सांगून मिळत नाही. खाकरे आणि दशम्या इथे खऱ्या कामाला येतात.

अडकलेली जहाजं एकमेकांना चिकटवून बांधतात, तीन-चारसुद्धा. किनाऱ्यावर जायला शेजारच्या जहाजांच्या लॉबीतून जावं लागतं आणि महागडी बाल्कनी समोरच्याच्या पडद्यापासून हातभर अंतरावर येते. उतरायची फळी चढत्या पाण्यात तीव्र उताराची होते. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी जवळ ठेवावी. वरचा डेक बंद राहतो.

पैसे, विमा, व्हिसा

बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या अटींत पाण्याच्या पातळीमुळे मार्ग बदलण्याचा हक्क राखलेला असतो. युरोपीय संघातल्या विक्रेत्याकडून पॅकेज घेतलं असेल, म्हणजे जर्मनी-नेदरलँड्समधल्या मराठी कुटुंबांचं जसं असतं, तर 2015 च्या पॅकेज-प्रवास नियमांनुसार निघण्याआधी मोठा बदल कळवला गेल्यास विनाशुल्क रद्द करता येतं. प्रवास सुरू झाल्यावर पूर आला तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण न मिळालेल्या सेवेपुरती किंमत कमी करून मागता येते. त्यासाठी रोजचा छापील कार्यक्रम जपून ठेवा आणि तक्रार प्रवासातच लेखी द्या. भारतातून बुकिंग असेल तर करारातली ‘पाण्याची पातळी’ ही ओळ सही करण्याआधी शोधा आणि बसने किती दिवस झाले तर काय परत मिळेल, ते ईमेलवर घ्या.

व्हिसासाठी लागणारा 30,000 युरोंचा विमा वैद्यकीय खर्चाचा असतो, मार्ग बदलला म्हणून तो पैसे देत नाही. प्रवास अर्धवट राहण्याचं कलम वेगळं घ्यावं लागतं, आणि पुराची बातमी आल्यावर घेतलं तर ते त्या पुराला सहसा लागू होत नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी चारही शेंगेनमध्ये असल्याने सीमा बसने ओलांडली तरी व्हिसाची अडचण येत नाही. बेलग्रेडपर्यंतची क्रूझ असेल तर सर्बिया शेंगेनबाहेर आहे, म्हणून अनेकवेळा प्रवेशाचा व्हिसाच मागा.

परतीचं विमान बुडापेस्टहून असेल तर क्रूझ संपण्याच्या दिवशी सकाळचं घेऊ नका. व्हिएन्ना ते बुडापेस्ट ट्रेनला अडीच तासांहून जास्त लागतात, बसला पुरात त्याहून बराच वेळ. दुपारनंतरचं विमान, किंवा एक रात्र शहरात, आणि तारीख बदलता येणारं तिकीट.