पैजेचा पैसा कुणाच्या घरातून जातो

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला तेव्हा मला दिलासा वाटला, कारण आयपीएलच्या दिवसांत ओळखीच्या घरांतले स्वास्थ्य कसे ढळते, हे मी जवळून पाहिले आहे. पूर्वी सट्ट्यासाठी बुकी गाठावा लागे. आता यूपीआयमुळे मध्यरात्रीही पगार खात्यातून निघून जातो आणि हरलेली रक्कम भरून काढण्याच्या नादात माणूस झटपट कर्ज देणाऱ्या ॲपकडे वळतो. बायकोला हे कळते ते बहुधा वसुलीचे फोन सुरू झाल्यावर, आणि मला सर्वांत जास्त तेच खुपते. शिक्षा खेळणाऱ्याला नसून खेळ चालवणाऱ्याला, ३ वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे, हे योग्यच झाले. मात्र परदेशातून चालणाऱ्या संकेतस्थळांना ती कशी लागू करणार, ही चिंता उरतेच.