लेकराच्या छातीतली शिट्टी: रेणापूर ते संभाजीनगर

येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दुपारी शेतात कोपीपाशी खेळता खेळता आमची एक वर्ष दहा महिन्यांची लेक ठसकली. डोळ्यांत पाणी आलं, तोंड लालबुंद झालं, दोन मिनिटं खोकली आणि पुन्हा खेळायला लागली. आम्ही सगळे आंबील वाढण्यात होतो. हा ठसका पुढे अकरा दिवस आम्ही एकाही डॉक्टरला सांगितला नाही. मीसुद्धा नाही. लेकराच्या श्वासासाठी दवाखाने फिरणार असाल तर पहिल्याच दिवशी, विचारायची वाट न बघता सांगा: अमुक दिवशी खाताना ठसका लागला होता.

तिसऱ्या रात्रीपासून श्वास सोडताना बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. ताप नाही, सर्दी नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, डबा झालाय, म्हणजे छाती भरलीय, बिब्ब्याचा चटका द्या. हे अजिबात करू नका. रेणापुरात सर्दीचं औषध मिळालं, त्यानं काही झालं नाही.

मग लातूरचा एक खाजगी दवाखाना, पाच दिवस. एक्स-रे नॉर्मल, निदान बाळदमा. दिवसातून सहा वेळा वाफ, अँटिबायोटिक, वर ॲलर्जीच्या रक्ततपासण्या. बिल ३८,४०० रुपये. वाफेच्या मास्कचे पैसे रोज नव्याने लावले होते. मास्क एकच होता, त्याच्या कडेवर तिच्या दातांचे तेच ओरखडे रोज दिसायचे. मी ते बिल पुढे ठेवून विचारलं, तर ‘सिस्टीमच तशी आहे’ हे उत्तर. रोजच्या रोज हिशोब मागा, शेवटच्या दिवशी मागून हाती काही लागत नाही.

पण पैशांपेक्षा मला दुसरी गोष्ट लागली आहे. चौथ्या रात्री ती झोपली असताना मी तिच्या पाठीला कान लावला. डावीकडे हवा मोकळी जात होती. उजवीकडे जवळजवळ काहीच नाही, फक्त शेवटी एक सूं. सकाळी सांगितलं तर म्हणाले, दम्यात असं होतं. दम्याची शिट्टी सहसा दोन्ही बाजूंना असते. एकाच बाजूला असेल तर श्वासनळीत काही अडकलंय का, हे विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत हटू नका. शेंगदाणा किंवा डाळ एक्स-रेवर दिसत नाही. एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे नळी मोकळी असं समजू नका.

आम्ही डिस्चार्ज घेतला. दीर गारखेड्यात राहतात म्हणून संभाजीनगर गाठायचं ठरलं. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, साडेसहा तास. लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या लेकराला चाळीस किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल किंवा ओठ निळे पडत असतील तर स्वतःच्या गाडीनं लांब निघू नका, १०८ बोलवा आणि सगळ्यात जवळचा दवाखाना गाठा.

तिथल्या लेकरांच्या डॉक्टरांनी आधी माझ्या फोनमधला व्हिडिओ बघितला. झोपेतला, अंगातला झबला काढून घेतलेला, आवाजासकट. तो काढाच, कारण तपासताना लेकरू रडतं आणि शिट्टी ऐकूच येत नाही. मग त्यांनी विचारलं, ‘महिनाभरात खाताना कधी ठसका?’ मी नाही म्हणणार तोच सासूबाई म्हणाल्या, ‘येळवसेला की! भज्जीसाठीच्या शेंगा सोलत होते, तव्हा.’ माझे हातपाय गार पडले.

भूल देऊन श्वासनळीत दुर्बीण घालायची ठरली. इथे आमची चूक झाली. गेवराईला तिला दूध-बिस्कीट दिलं होतं आणि भुलीसाठी सहा तास पोट रिकामं लागतं. रात्री नऊपर्यंत थांबावं लागलं. ती पदराला धरून ‘मम, मम’ करत होती आणि मला तिला काही देता येत नव्हतं. निघण्याआधी जिथे जाणार तिथे फोन करून विचारा, लेकराला काय खाऊ घालू आणि कधीपर्यंत.

चाळीस मिनिटांनी डॉक्टरांनी गॉजवर ठेवून दाखवला: अर्धा शेंगदाणा, फुगून मऊ झालेला, लाल साल अजून चिकटलेली. उजव्या फुप्फुसाकडची नळी रुंद आणि सरळ असल्यानं दाणा बरेचदा तिकडेच जातो. ओलाव्यानं फुगतो, तेलानं आतलं अस्तर सुजतं. आणखी थांबलो असतो तर तुकडे होऊन काढणं अवघड झालं असतं.

पुढचे दोन दिवस चांगले गेले. दवाखान्यात सोबत न्यायच्या कागदांचं सांगते: रेशनकार्ड, आधार, लेकराचा जन्मदाखला आणि एक्स-रेची फिल्म, नुसता रिपोर्ट नाही. महात्मा फुले जन आरोग्य या सरकारी मोफत उपचार योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस बसतो, ॲडमिट होतानाच त्याला गाठा. फोन १५५३८८.

आमच्या घरी आता तिच्या ताटात फक्त कूट असतं, अख्खा दाणा ती पाच वर्षांची होईपर्यंत नाही. पंधरा दिवसांनी तपासणीला परत जायचंय, या वेळी एसटीनं, आणि गेवराईला तिला दूध-बिस्कीट पोटभर देणार आहे.