जकार्डचे बिट, जीसीसी आणि विंडोज

चादरीची नक्षी जकार्डसाठी (मागावर नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे उचलणाऱ्या यंत्रासाठी) फोडून देणारा सी++ प्रोग्राम लिनक्सवर जीसीसी या कंपायलरने, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम करणाऱ्या साधनाने, बांधलेला होता. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या कारखान्यातला डिझाइनचा कॉम्प्युटर विंडोजचा, म्हणून तोच कोड मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर न्यायचा होता. जकार्ड १३४४ हुकांचं. बाण्याच्या, म्हणजे आडव्या, दर धाग्याला एक ओळ. हुक उचलायचा तर १, नाही तर ०. ६४ बिटांच्या २१ शब्दांत (शब्द म्हणजे एकत्र हाताळायचा बिटांचा गट) ओळ नेमकी बसते.

बिल्टिन म्हणजे कंपायलरमध्येच असलेलं फंक्शन. शब्दात खालून पहिल्या १ पर्यंतची शून्यं मोजणाऱ्या जीसीसीच्या __बिल्टिन_सीटीझेडएलएलला मायक्रोसॉफ्टचं _बिटस्कॅनफॉरवर्ड६४ जुळतं. सीएलझेडएलएलचं तसं नाही. ते वरून शून्यं मोजतं, तर _बिटस्कॅनरिव्हर्स६४ सर्वांत वरच्या १ चा क्रमांक देतं. तो ६३ मधून वजा करायचा. वजाबाकी राहिली तरी कंपायलर चकार शब्द काढत नाही.

खरी मेख शून्यात. नक्षीच्या मोकळ्या भागात अख्खा शब्द शून्य असतो, आणि शून्यावर या बिल्टिनच्या उत्तराची हमीच नाही. बिटस्कॅन निदान परतीच्या मूल्यात ० देऊन 'काही सापडलं नाही' म्हणतं, पण ते तपासायचं कोण!

दुसरी खोड 'लाँग' या पूर्णांक प्रकाराची. सीटीझेडएल, म्हणजे त्याच बिल्टिनचं 'लाँग' घेणारं रूप, लिनक्सवर ६४ बिट घेतं, विंडोजवर ३२. म्हणजे मिनजीडब्ल्यू घेऊन विंडोजवरही जीसीसीच ठेवला तरी प्रत्येक शब्दातले ३३ ते ६४ हे हुक गायब.

दर कंपायलरला वेगळं नाव जुळवणाऱ्या मॅक्रोंची गोधडी शिवण्यापेक्षा सी++२० चं 'बिट' हेडर घेतलं: काउंटआर_झीरो (खालची शून्यं), काउंटएल_झीरो (वरची शून्यं), पॉपकाउंट (एकूण १), रोटएल (बिट डावीकडे फिरवणं). शून्य मोजणाऱ्या दोघांना शून्य दिलं की ६४ बिटांना चक्क ६४ मिळतात. प्रकार अनसाइन्डच, म्हणजे ऋण चिन्ह नसलेलाच, हवा, इंट दिला तर कंपाइलच होत नाही, आणि ते बरंच आहे. ८ बिटी प्रकाराला वरची शून्यं ८ मध्येच मोजली जातात. बिल्टिन त्याला ३२ बिटी करून २४ जास्त दाखवायचं, तिथली जुनी '- २४' काढून टाकावी लागते. बाइट उलटवणारं बाइटस्वॅप मात्र सी++२३ मध्ये आलं.

उचललेले हुक काढायचं लूप असं:

जोवर (शब्द != ०) { हुक = काउंटआर_झीरो(शब्द); शब्द &= शब्द - १; }

शेवटची पायरी दर वेळी सर्वांत खालचा १ पुसते.

वरची शून्यं मोजणारी प्रोसेसरची सूचना थेट चालवणारं मायक्रोसॉफ्टचं __एलझेडसीएनटी वापरू नये. ती सूचना नसलेला जुना प्रोसेसर तिला बीएसआर (वरच्या १ चा क्रमांक देणारी सूचना) समजतो आणि बिनबोभाट चुकीचा आकडा देतो. एकूण १ मोजणारं __पॉपसीएनटी अशा वेळी निदान प्रोग्राम तरी पाडतं.

तपासणीला ०, १, फक्त ३३वा बिट, फक्त ६४वा बिट आणि सगळे १, एवढे पाच शब्द दोन्ही कंपायलरवर चालवले.